एकच राहिला

थिओफिलसला देवाने लेकरू दिलं नाही, पण गळा दिला. पाद्रीबाबा महिन्यातून एकदा बंदराच्या गावाहून गाडीने येत. उरलेले रविवार पत्र्याच्या त्या लहानशा प्रार्थनाघरात थिओफिलसच उभा राहायचा. सुरुवात साध्या बोलण्याने व्हायची. मग बोलता बोलता आवाज कधी चढला आणि शब्दांना चाल कधी लागली, हे त्याचं त्यालाही कळत नसे. बायका पायांनी ताल धरत, म्हातारे काठ्या आपटत, आणि बाहेर बांधलेली गाढवंसुद्धा कान टवकारून उभी राहत. त्याचं एक प्रवचन तर नदीकाठच्या सगळ्या वस्त्यांना तोंडपाठ होतं, तरी दर वेळी कुणी ना कुणी मागून ओरडायचंच, "थिओ, आज नाऱ्याच्या झाडाचं होऊ दे!"

मग तो डोळे मिटायचा आणि गायचा:

"पानं दिली नाहीस, देवा, काट्यांनीच श्वास घेतो,
वाळू आली अंगावर, वाळूवरच चढून येतो.
जितका मला पुरशील वरून, तितका खाली उतरतो,
अंधारातलं पाणी तुझं, तुझ्या नावाने शोधतो."

ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. तिसऱ्या बाकावर बसलेली त्याची बायको एल्फ्रीडा मात्र खाली मान घालून झग्याची किनार चिमटीत चुरगाळत राहायची. नारा म्हटलं की तिच्या मनात एकच दिवस उभा राहायचा, वाटणीचा.

वाळवंटातून येणारी कुइसेब नदी समुद्राला मिळता मिळता वाळूत हरवते, तिथे त्यांची नाऱ्याची टेकाडं होती. नाऱ्याच्या झाडाला पान नाही, नुसतं हिरव्या काट्यांचं जंजाळ. वारा वाळू आणून त्यात कोंबतो, झाड त्या वाळूवर पुन्हा डोकं काढतं, वारा पुन्हा कोंबतो. असं पिढ्यान् पिढ्या चाललं की घराएवढं टेकाड उभं राहतं, आणि असं एकेक टेकाड एकेका घराण्याचं असायचं. थिओच्या बापाची अशी तीन टेकाडं होती. दोन माद्या, म्हणजे फळं धरणाऱ्या, आणि एक नर. नराला फुलं येतात, फळ कधीच येत नाही.

म्हाताऱ्याने मरणाआधी वाटण्या केल्या, तेव्हा थोरल्या गॉटलीबच्या घरात पाच पोरं होती आणि थिओच्या लग्नाला आठ वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. दोन्ही माद्या गॉटलीबला गेल्या, नर थिओला. तेव्हा जमलेल्यांतून कुणीतरी बोललं, "बरोबरच आहे की! खायला तोंडंच नाहीत, त्याला फुलं पुरेत." सगळे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्याने थिओच हसला. एल्फ्रीडा हसली नाही. पुढे तीस वर्षं ते हसणं तिच्या कानात राहिलं.

गॉटलीब वारला, त्याची पोरं बंदरात मासळीच्या कारखान्यात लागली, पण थोरली जाऊ राहेल तिथेच राहिली. दर हंगामात ती अर्धं पोतं नारा एल्फ्रीडाच्या दारात आणून टाकायची. हात सढळ होता, पण जिभेला हाड नव्हतं.

"घे गं धाकटे. तुमच्या फुलांची काही भाजी होत नाही."

"ठेवा तिथे, ताई," एल्फ्रीडा म्हणायची. गर शिजवून ती वाळूवर ओतायची, वाळला की त्याची वडी गुंडाळून ठेवायची. पण प्रत्येक वडीबरोबर ते शब्दही तिच्या घशाखाली जायचे.

थिओला याचं काहीच वाटायचं नाही. तो आपल्या नराकडे जायचा, दीड तासाची वाट तुडवून, आणि तासन् तास त्याच्या सावलीत बसून यायचा. "काय करतोस रे तिथे?" असं तिने विचारलं, तर म्हणायचा, "भुंगेरे बघतो. अंगाला पिवळी भुकटी माखून घेतात आणि थेट वहिनींच्या टेकाडाकडे जातात. शेजारधर्म पाळतात गं!"

पूर्वेचा वारा येऊन गेला की तो सगळ्या टेकाडांची फेरी मारायचा. शहरात पाणी शिरू नये म्हणून नदीच्या मुखाशी बांध घातला होता, तेव्हापासून इकडे पूर यायचा थांबला होता. खालचं पाणी खोल गेलं. ज्याची मुळं पोचली तो नारा जगला, ज्याची नाही पोचली तो वाळला. आणि नारा वाळला की टेकाड राहत नाही, ज्या वाऱ्याने वाळू आणली तोच ती घेऊन जातो. माद्या गेल्या की लोक हळहळायचे. नरांची मोजदाद कोण ठेवतं? पूर्वी तर जागोजागी नर होते, एल्फ्रीडाच्या आईनेच दोन तोडून चुलीत घातले होते.

थिओ फेरीवरून आला की दारातच सांगायचा, "कोल्ह्याच्या वाटेवरचा गेला."

"कोण गेला?"

"नर गं."

"गेला तर गेला. साखर आणलीस का?"

पुढच्या वर्षी, "फुटक्या होडीजवळचा गेला." त्याच्या पुढच्या वर्षी, "जुन्या विहिरीवरचाही गेला." ती मक्याची लापशी ढवळत राहायची. घरात दोन माणसं आणि दोन गाढवं, अब्सालोम आणि सॅम्सन. थिओ कोणाबद्दल बोलतोय हे पुष्कळदा तिच्या लक्षातही यायचं नाही. बायकोला नवऱ्याचा आवाज ऐकू येतच असतो, म्हणून ती शब्द सोडून देते.

त्या वर्षी पानगळीला थिओची छाती भरली. दवाखान्यातून औषध घेऊन परत येताना मिठाने बांधलेल्या रस्त्यावर ट्रकने अब्सालोमला उडवलं. थिओ वाचला, गाढवगाडी मोडली, आणि सॅम्सन तुटक्या जोखडासह एकटा चालत घरी आला. तेव्हापासून थिओ अंथरुणाला खिळला.

पाचव्या दिवशी दुपारी धुकं नुकतंच वर उचललं होतं. एल्फ्रीडा त्याच्या उशाशी बसली होती. त्याने डोळे उघडले, तिचं मनगट धरलं आणि ओठ हलवले. त्यांच्या बोलीत नारा हा शब्द जिभेने टाळ्याला टिचकी मारल्याशिवाय सुरूच होत नाही. त्याची जीभ वाळून कातडं झाली होती. ती टाळ्याला टेकली, चिकटली, सुटली. टिचकी वाजलीच नाही. नुसता श्वास बाहेर आला. त्याने पुन्हा जीभ लावली, पुन्हा श्वासच. तिला वाटलं, तहान लागली. तिने चमच्याने पाणी घातलं, ते ओठांवरून ओघळलं.

मग त्याने तो शब्द सोडून दिला, आणि ज्याला टिचकी लागत नाही तेवढंच म्हणाला.

"एकच राहिला, एल्फ्रीडा. सांभाळ."

बाहेर सॅम्सन खूर आपटत होता. "हो रे," ती म्हणाली. "सांभाळते. माझ्या तोंडचा घास देईन त्याला."

थिओने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, तो समाधानाने पाहतोय. मावळतीला त्याचा गळा कायमचा थांबला.

दफनाच्या दिवशी गाणारं कुणी नव्हतं. पाद्रीबाबांनी पुस्तकातलं वाचलं. लोक मागे वळून एकमेकांकडे बघत राहिले, जणू अजून थिओ उठेल आणि चाल धरेल.

त्या हिवाळ्यात नदीच्या पात्रातल्या झाडांनी शेंगा धरल्याच नाहीत. वस्तीवरची जनावरं झाडांच्या साली सोलू लागली. सॅम्सनच्या बरगड्या वर आल्या. एल्फ्रीडा आपली लापशी त्याला घालायची, पण एवढ्या मोठ्या जिवाला वाटीभर लापशीने काय होणार? एकदा पाण्याच्या टाकीपाशी राहेल भेटली.

"अगं, काय हाल केलेस त्या गाढवाचे!"

"काय घालू ताई? शेंगा नाहीत, गवत नाही."

"मग तुमचं फुलझाड कशाला ठेवलंयस? लाव त्याला गाढव. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी पोटात जाऊ दे!" असं म्हणून राहेल हसली. तिच्या हसण्यात वाईट हेतू नव्हता, सवय होती. पण एल्फ्रीडाला ते लागलं आणि पटलंही. थिओचा शेवटचा शब्द तिच्या मनगटाला अजून चिकटून होता. एकच राहिला, सांभाळ. आणि ज्या झाडापायी आयुष्यभर हसणं ऐकलं, ते झाड थिओच्या लाडक्या जिवाला वाचवत असेल तर देवाचीच इच्छा, दुसरं काय?

तिने सॅम्सनला दीड तास चालवत टेकाडापाशी नेलं आणि सोडून दिलं. हिरवे कोवळे शेंडे, फुलं, कळ्या तो काट्यांसकट खात सुटला. ती बाजूला बसून त्याला बघत होती आणि कित्येक दिवसांनी तिला बरं वाटलं. "खा बाबा," ती म्हणाली. "मालक तुझीच काळजी करत गेला."

दीड महिना ती त्याला नेत राहिली. सॅम्सनच्या अंगावर तकाकी आली. टेकाडावर मात्र करड्या काटक्याच उरल्या. त्यातल्या मोठ्या तिने चुलीसाठी मोळी करून आणल्या.

मग पूर्वेचा वारा सुटला. गरम, वाळूने भरलेला, पाच दिवस सलग. दरवर्षी याच वाऱ्यात नारा वाढतो. वाळू अंगावर घेतो आणि वर सरकतो. पण धरायला हिरवं काही उरलंच नव्हतं. वारा शमल्यावर एल्फ्रीडा गेली तेव्हा टेकाडाचा वरचा भाग कुणी चाकूने कापून न्यावा तसा गेला होता. वाळूतून जुनी मुळं दोरांसारखी लोंबत होती. तिला नवल वाटलं, वाईट वाटलं, पण तितकंच. झाड तिचं नव्हतंच कधी, ते थिओचं वेड होतं.

वसंत आला. राहेलची दोन्ही टेकाडं फुलांनी भरली. मादीच्या फुलाखाली बोराएवढं काटेरी बाळफळ आधीच असतं, ते फुगू लागलं की हंगाम ठरतो. त्या वर्षी ती बाळफळं पिवळी पडली आणि गळू लागली. राहेल रोज जाऊन ओंजळीत घेऊन येई. एका सकाळी ती धापा टाकत एल्फ्रीडाच्या दारात आली, झग्याच्या ओच्यात गळालेली बाळफळं घेऊन.

"धाकटे, बघ गं हे. एक धरत नाहीये. एकसुद्धा नाही."

"पाणी कमी पडलं असेल."

"पाणी कसलं! झाडं हिरवीगार आहेत, बोटाला टोचतायत नुसती. मला वाटतं..." राहेलने खालचा ओठ चावला. "नर जवळ नसला की असं होतं म्हणायच्या सासूबाई. पण नर काय, कुठेही असतात. कोल्ह्याच्या वाटेवर एक मोठा आहे ना?"

"तो गेला," एल्फ्रीडा म्हणाली. थिओने सांगितलेलं तिला ठाऊक होतं, हे तिलाच नव्याने कळत होतं.

"बरं मग, फुटक्या होडीजवळचा?"

"तोही गेला."

"जुन्या विहिरीवर..."

"गेला, ताई. थिओ म्हणाला होता. सांगायचा तो मला. दर वर्षी दारात उभा राहून सांगायचा आणि मी..." ती थांबली. तिच्या तोंडात जीभ आपोआप वर गेली, टाळ्याला टेकली, आणि टिचकी वाजली. ओल्या जिभेची, स्पष्ट. तो शब्द तिने पुरा उच्चारला नाही. थिओने दोनदा लावलेली ती वाळलेली जीभ तिला दिसत होती, ओठांवरून ओघळलेलं पाणी दिसत होतं.

"तो तहानलेला नव्हता," ती म्हणाली.

"कोण?"

"तो नारा म्हणत होता, ताई. एकच राहिला म्हणाला. आणि मी त्याला म्हटलं, माझ्या तोंडचा घास देईन." तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "दिला. त्याचा घास गाढवाला दिला."

राहेलच्या ओच्यातली बाळफळं जमिनीवर सांडली. कुणी ती उचलली नाहीत. राहेल खाली बसली. ज्या बाईने तीस वर्षांत एकदाही शब्द गिळला नव्हता, तिने आवाज खाली आणला.

"लाव त्याला गाढव, असं मीच म्हटलं होतं."

"तुम्ही म्हटलंत. लावलं मी."

"आम्ही हसायचो गं त्याला. फळ नाही, फळ नाही म्हणून." राहेलने वाळूत बोट रुतवलं. "पाच पोरं वाढवली मी त्या फळांवर. ती सगळी फळं थिओचीच."

त्या दुपारी दोघी टेकाडावर गेल्या. टेकाड म्हणायला आता गुडघाभर वाळू होती. दोघींनी हातांनी काटक्या बाजूला केल्या, बोटं रक्ताळली. समुद्राच्या अंगाला, जिथे धुकं आधी पोचतं, तिथे मुळाच्या वळणाशी एक हिरवा फुटवा होता, वीतभर. दोघी पोती घेऊन आल्या, त्याच्याभोवती आडोसा केला, पोत्यांत वाळू भरून मुळावर रचली. एल्फ्रीडा दोन आठवडे तिथेच पोत्यांची झोपडी करून राहिली. ती फुटव्याशी बोलायची. कधी थिओची चाल गुणगुणायची, पण "वाळूवरच चढून येतो" या ओळीपाशी आली की चाल सोडून पोती सारखी करू लागायची. पाण्याचे डबे ओतून काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याचं पाणी फार खोल होतं आणि मूळ वारा लागून सुकत चाललं होतं. तरी ती ओतायची.

फुटव्याला एक फूल आलं. फिकट, हिरवट, नखाएवढं.

"तोडायचं?" राहेलने विचारलं.

"भुंगेरे कुठे दिसतायत तुम्हाला?"

एल्फ्रीडाने फूल देठासकट तोडलं, तळहाताचा द्रोण केला, आणि वाऱ्याकडे पाठ करून ती राहेलच्या टेकाडापर्यंत चालत गेली. इतकी जपून ती आयुष्यात कधी चालली नव्हती. तिथे उमललेल्या मादीफुलांना तिने ते एकेक करून टेकवलं. पिवळी भुकटी तिसऱ्या फुलापर्यंतच पुरली.

"देवाचं नाव घे," राहेल पुटपुटली.

"थिओचं घेते," एल्फ्रीडा म्हणाली. "देव समजून घेईल."

नाताळाआधीच्या कडक उन्हाळ्यात फुटवा करडा पडला. बांध फोडून येणारा पूर आता कधी आलाच, तरी त्या मुळाला काही कळायचं नव्हतं. नवीन वर्षात टेकाडाच्या जागी सपाट वाळू होती. तिथे कधी काही होतं हे दाखवायलासुद्धा कुणाला हात करता आला नसता.

तीनांतलं एक फळ धरलं. बाकीची दोन गळाली. राहेलने त्या एकाभोवती काट्यांचं कुंपण केलं आणि कोल्हे हाकलायला रोज जात राहिली. हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी ती एल्फ्रीडाच्या दारात आली. एल्फ्रीडा पायरीवर बसून सॅम्सनच्या जोखडाची दोरी वळत होती. सॅम्सन अंगणात उन्हाला उभा होता.

राहेलने काही टोमणा मारला नाही, पोतं टाकलं नाही. तिने झग्यात गुंडाळलेलं फळ बाहेर काढलं. पिवळसर, काटेरी, लहान मुलाच्या डोक्याएवढं. वाकून ते एल्फ्रीडाच्या मांडीवर ठेवलं.

"तोडलं नाही मी. पिकून आपोआप सुटलं. हे तुझं, धाकटे. थिओचं."

एल्फ्रीडाने त्यावर हात फिरवला. काटे टोचत होते, तरी फिरवत राहिली. पिकलेल्या नाऱ्याचा गोड, जड वास अंगणभर पसरला. त्यात किती बिया भरल्या असतील, त्यातल्या किती नर निघतील, आणि पुराशिवाय त्या कुठे रुजतील?

वासाने सॅम्सन पुढे आला. नाक फुरफुरवत त्याने मान तिच्या मांडीकडे नेली.

"हट्!" ती ओरडली. त्याच्यावर ती कधीच ओरडली नव्हती. तो दचकला, पण हलला नाही, तसाच कान पाडून उभा राहिला. एल्फ्रीडाने एका हाताने फळ पोटाशी घट्ट धरलं. दुसरा हात हवेत तसाच राहिला, मग हळूच त्याच्या मानेवर आला.

"तुझ्यावर राग नाही रे," ती म्हणाली. "तुला काय माहीत. मलाच नीट ऐकू आलं नाही."

राहेल तिच्याशेजारी पायरीवर बसली. सॅम्सन एल्फ्रीडाचं मनगट चाटू लागला, थिओने जिथे धरलं होतं तिथे, आणि तिने हात काढून घेतला नाही.